ऊसतोड कामगारांचे जगणे विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणावे का?

प्रश्न : मी मराठवाड्यातील एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवते. क्षेत्रकार्याच्या निमित्ताने आमच्या विद्यार्थ्यांनी ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांवर, जाऊन मुलाखती घेतल्या, नोंदी केल्या. आता त्यावर नाटक बसवून ते स्नेहसंमेलनात सादर करावे, अशी त्यांची इच्छा आहे. सहकारी म्हणतात की, ही करमणूक आहे, संशोधन नव्हे. एका विद्यार्थ्याने मात्र वेगळीच शंका काढली : ज्यांनी कधी कोयता हाती धरला नाही, त्यांना हे दुःख वठवण्याचा अधिकार आहे का? आपले मत कळवावे.

उत्तर : सहकाऱ्यांच्या आक्षेपाचे उत्तर एका जुन्या प्रसंगात सापडते. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल १९७३मध्ये पेरू देशातील साक्षरता मोहिमेत काम करत होते. तेथे एका निरक्षर बाईची हकिगत नाट्यरूपात मांडली गेली. तिचा नवरा घर बांधण्यासाठी म्हणून तिच्याकडून पैसे नेत असे आणि पावत्या म्हणून काही कागद तिच्या हाती ठेवत असे. ते कागद शेजारणीकडून वाचून घेतले, तेव्हा ती त्याच्या प्रेयसीची पत्रे निघाली. नवरा घरी आल्यावर तिने काय करावे, असे प्रेक्षकांना विचारले असता एक धिप्पाड बाई म्हणाली की, तिने त्याच्याशी स्पष्ट बोलावे आणि मग त्याला माफ करावे. नटांनी तसे पुन्हा पुन्हा करून दाखवले, तरी त्या बाईचे समाधान होईना. अखेर बोआल यांनी तिलाच मंचावर बोलावले. तिने केरसुणी उचलून नवऱ्याचे काम करणाऱ्या नटाला मनसोक्त बडवले आणि मगच त्याला जेवण आणायला पाठवले. प्रेक्षकाने मंचावर येऊन प्रसंग बदलायचा, ही फोरम थिएटरची पद्धत यातूनच पुढे आली. याच बाईची मुलाखत घेतली असती, तर वहीत समजुतीने बोलण्याचा सल्ला नोंदला गेला असता आणि संशोधकाला आपले काही चुकले आहे, याचा पत्ताही लागला नसता.

म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेण्याचा प्रसंग कामगारांसमोर करून दाखवावा आणि असेच घडते का, हे त्यांना विचारावे. कोण कुठे बसते, पैसे कोणाच्या हाती पडतात, त्या वेळी घरातील बाई तेथे असते का, असली तर बोलते का, याविषयी कामगार नटांना मध्येच थांबवून जी दुरुस्ती करतील, ती नव्याने मिळालेली माहितीच असेल. प्रयोग असा थांबवता आणि बदलता येत असेल, तर मी त्याला निःशंकपणे संशोधन म्हणेन. तसे होत नसेल, तर आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे.

अधिकाराचा प्रश्न अधिक अवघड आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे अभ्यासक ड्वाइट काँकरगूड यांनी १९८५मध्ये लिहिलेल्या एका निबंधात परक्यांचे जगणे सादर करताना होणाऱ्या चार चुका दाखवल्या आहेत. कोणी चांगला ऐवज पाहून तो उचलून नेतो, कोणी सगळी माणसे सारखीच असे म्हणून फरक पुसून टाकतो, तर कोणी वेगळेपणाचे प्रदर्शन मांडतो. चौथा मनुष्य, मी त्यांच्यातला नाही, तेव्हा मी गप्पच बसतो, असे म्हणून अंग काढून घेतो. आणि काँकरगूड यांनी सर्वांत कठोर ठपका या चौथ्यावर ठेवला आहे, कारण तो संवादच बंद पाडतो. आपल्या विद्यार्थ्याची शंका प्रामाणिक आहे, परंतु तिचा शेवट गप्प बसण्यात होऊ नये.

त्याच वर्षी काँकरगूड थायलंडमधील बान विनाई या, लाओसमधून आलेल्या ह्मोंग जमातीच्या निर्वासितांच्या छावणीत आरोग्याचे काम करत होते. कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घेण्याच्या मोहिमेला तेथे कोणी दाद देत नव्हते. तेव्हा ह्मोंग लोककथांतील वाघ, कोंबडा आणि भूत यांची सोंगे घेऊन ह्मोंग कलाकारांनीच छावणीतून मिरवणूक काढली. ह्मोंग लोक कोंबड्याकडून शकुन पाहतात, म्हणून रोगाची माहिती सांगण्याचे काम कोंबड्याकडे दिले होते. दुसऱ्या दिवशी कुत्री घेऊन लोकांची रीघ लागली. पुढे स्वच्छतेविषयीही असेच प्रयोग झाले आणि येथे मला थोडे अडखळायला होते. ४०,०००हून अधिक माणसे कोंबलेल्या छावणीत घाण होते, त्यात रहिवाशांच्या सवयींचा वाटा किती आणि छावणीच्या व्यवस्थेचा किती? कोपीवर जाऊन स्वच्छतेचे पथनाट्य करणाऱ्यांनीही, तेथे पाण्याची सोय करण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी विचारावे.

आपल्याजवळचे उदाहरण अहमदाबादच्या छारानगरमधील ‘बुधन थिएटर’चे आहे. ब्रिटिशांच्या १८७१च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी छारा ही एक. बंगालमधील पुरुलियात, असाच शिक्का बसलेल्या सबर जमातीतील बुधन सबर या तरुणाचा फेब्रुवारी १९९८मध्ये पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि त्याच वर्षी छारा तरुणांनी त्यावर नाटक केले. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभारली, तोही हाच काळ. छारा तरुण सबर नव्हते, त्यांची भाषाही निराळी होती. परंतु तोच शिक्का त्यांच्याही कपाळी होता आणि बुधनचे नाटक करता करता ते स्वतःविषयी बोलू लागले. आपल्या वर्गातही ऊसतोड कामगारांची मुले असण्याचा संभव आहे. त्यांना त्यांच्याच आईवडिलांची भूमिका करायला लावू नये. ती करायची की नाही, हे त्यांनीच ठरवावे, आणि दिग्दर्शनाची इच्छा असेल तर ते त्यांच्याकडे द्यावे.

स्नेहसंमेलनात पहिला प्रयोग करण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. पहिला प्रयोग कामगारांपुढे व्हावा, तोही हंगाम संपवून ते गावी परतल्यावर, कारण तोडणीच्या दिवसांत त्यांना उसंत नसते. नावे, गावे आणि कारखाना बदलावा. उचल अंगावर असलेल्या माणसाचे मुकादमाविषयीचे बोलणे ओळखू आले, तर त्याची किंमत विद्यार्थ्यांना नव्हे, त्याला मोजावी लागेल; म्हणून कामगारांनी गाळायला सांगितलेला प्रसंग, नाट्यदृष्ट्या कितीही चांगला असला तरी, गाळावा आणि त्यांच्या संमतीशिवाय प्रयोगाचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर टाकू नये. गुण द्यायचेच असतील, तर ते अभिनयाला देऊ नयेत. कामगारांच्या हरकतीनंतर संहितेत कोणते बदल केले आणि का, याची नोंदवही प्रत्येकाकडून मागवावी आणि ती तपासावी.