वाचक विचारतात : लाल देऊळ आणि शनवार तेली

प्रश्न : पुण्यातली मराठी बोलणारी ज्यू मंडळी बाहेरून आलेली की इथलीच?

उत्तर : कॅम्पातले लाल देऊळ, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी बांधवले, मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू मात्र त्यांच्या कितीतरी आधीचे. परंपरा सांगते, की नवगावजवळ गलबत फुटले आणि वाचलेली माणसे कोकणात तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी, ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद, म्हणून ती ‘शनवार तेली’. पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावे गावांवरूनच पडली. १९४८ नंतर बहुतेक इस्रायलला गेले, पण भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे घातलेला एलियाहू नबी या ज्यू प्रेषिताच्या नावाचा मलिदा तिथेही होतो. अशा माणसांना परके म्हणणे मला मुळीच पटत नाही.