बालआरोग्य, प्रश्न वाचकांचे : गोवराची लस आणि ऑटिझमची भीती

प्रश्न : माझा मुलगा सोळा महिन्यांचा आहे. येत्या बुधवारी आमच्या अंगणवाडीत लसीकरण आहे आणि आशाताई दोनदा घरी येऊन सांगून गेल्या. परंतु माझ्या दिरांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला आहे. गोवराच्या लसीमुळे मुलांचे बोलणे जाते, त्यांना ऑटिझम होतो आणि आता अमेरिकेच्या सरकारनेही हे मान्य केले आहे, असे त्यात सांगितले आहे. सासूबाई म्हणतात, नवव्या महिन्यात एक इंजेक्शन दिले तेवढे पुरे. मी काय करावे?
– एक आई, चोपडा तालुका

उत्तर : ताई, बुधवारी बाळाला घेऊन जा आणि लस देऊन या. गोवर-रुबेलाच्या लसीमुळे ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, होत नाही. हे मी केवळ एक डॉक्टर म्हणून अधिकाराने सांगत नाही. ही शंका कोठून निघाली आणि ती कशी तपासली गेली, हे आपल्याला कळले तर घरात बोलायला आपल्याजवळ आधार राहील, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

फेब्रुवारी 1998 मध्ये लंडनमधील रॉयल फ्री हॉस्पिटलचे अँड्र्यू वेकफील्ड आणि त्यांचे सहकारी यांचा एक लेख ‘द लॅन्सेट’ या प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात अवघ्या 12 मुलांची माहिती होती. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरची एकत्रित लस घेतल्यानंतर मुलाचे वागणे बदलले, असे त्यांपैकी 8 मुलांच्या आईवडिलांचे वा डॉक्टरांचे म्हणणे होते. लस आणि हा आजार यांचा संबंध आम्ही सिद्ध केलेला नाही, असे खुद्द त्या लेखातच नमूद होते. तरीही वेकफील्ड यांनी पत्रकार परिषद घेऊन एकत्रित लस थांबवावी असे सुचवले आणि वर्तमानपत्रांनी ते घराघरात पोहोचवले. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने 2004 पासून या प्रकरणाचा पाठपुरावा केला, तेव्हा लस उत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफील्ड यांना पैसे मिळत होते, हे उघड झाले. त्याच वर्षी 10 सहलेखकांनी लेखातील निष्कर्षातून आपले नाव काढून घेतले. 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ने संपूर्ण लेख मागे घेतला आणि ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने वेकफील्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून कमी केले. मुलांच्या नोंदींमध्ये फेरफार झाल्याचे सविस्तर पुरावे 2011 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. काही मुलांच्या विकासाविषयीच्या तक्रारी लसीच्या आधीपासून त्यांच्या कागदपत्रांत होत्या.

तथापि, एक माणूस खोटा निघाला म्हणून लस आपोआप निर्दोष ठरत नाही. शंका कोणीही काढलेली असो, ती तपासायलाच हवी होती, आणि ती तपासली गेली. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाला जन्मापासून एक क्रमांक असतो आणि त्याच्या लसी, त्याचे आजार, त्याची निदाने त्या क्रमांकावर नोंदलेली असतात. त्यामुळे कोणाला काय आठवते यावर विसंबावे लागत नाही. 1999 ते 2010 या काळात तेथे जन्मलेल्या 6,57,461 मुलांच्या अशा नोंदी अभ्यासून 2019 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतील 6,517 मुलांना ऑटिझमचे निदान झाले होते, आणि सुमारे 5 टक्के मुलांनी ही लस घेतलेलीच नव्हती. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा अधिक आढळले नाही. जपानचा अनुभव वेगळ्या बाजूने हेच सांगतो. तेथे गालगुंडाच्या घटकामुळे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याचे प्रकार आढळल्यावर 1993 मध्ये ही एकत्रित लस बंद केली गेली. लसीमुळे ऑटिझम होत असता, तर त्यानंतर जन्मलेल्या मुलांत तो घटायला हवा होता. योकोहामा शहरातील नोंदींत त्याचे निदान उलट वाढतच गेले.

आता अमेरिकेविषयी. त्या देशाच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्या संकेतस्थळावरील मजकूर बदलला, हे खरे आहे. परंतु लसीमुळे ऑटिझम होतो हे सिद्ध झाले, असे त्या बदललेल्या मजकुरातही म्हटलेले नाही. तशी शक्यता अभ्यासांनी पूर्णपणे नाकारलेली नाही, एवढाच त्याचा आशय आहे. अमुक गोष्ट कधीच, कोणालाच होणार नाही असे शंभर टक्के सिद्ध करणे कोणत्याही शास्त्राला शक्य नसते, आणि त्या अशक्यतेचा असा वापर एका सरकारी संस्थेने करावा, याचे मला मनापासून दुःख होते. त्यानंतर डिसेंबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या लससुरक्षा समितीने सर्व पुरावे पुन्हा पाहून लस आणि ऑटिझम यांचा कार्यकारण संबंध नसल्याचे सांगितले. व्हिडिओ करणाऱ्याने यातला पहिला अर्धा भागही धड सांगितलेला नाही, हे आपल्या दिरांना अवश्य दाखवा.

सासूबाईंच्या म्हणण्यालाही उत्तर द्यायला हवे, कारण त्या बाळाच्या काळजीनेच बोलत आहेत. नवव्या महिन्यापर्यंत आईकडून आलेली प्रतिकारद्रव्ये बाळाच्या रक्तात थोडीफार शिल्लक असतात आणि ती लसीचे काम काही प्रमाणात अडवतात. म्हणून त्या वेळचा डोस साधारण 85 टक्के मुलांनाच संरक्षण देतो. उरलेल्या मुलांसाठी 16 ते 24 महिन्यांचा दुसरा डोस आहे. आपले बाळ त्या 85 मध्ये आहे की उरलेल्या 15 मध्ये, हे वरून पाहून कोणालाही सांगता येत नाही. गोवराची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात 1985 पासून आली. त्याआधी गावात गोवर निघाला की एकेका गल्लीतली सगळी मुले कशी आडवी होत, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावून आया कशा रात्री काढत, आणि अंगावरचे पुरळ गेल्यावरही खोकल्याने, जुलाबाने किती लेकरे गेली, हे सासूबाईंना किंवा त्यांच्या आईला विचारा. ते दिवस फार लांब गेलेले नाहीत. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि आपल्या धुळ्याला लागून असलेल्या मालेगावात गोवराची साथ आली होती, आणि मुंबईत त्यात मुले दगावली. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. शिवाय हा आजार इतर रोगांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीही पुसून टाकतो, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

बुधवारी गोवर-रुबेलाबरोबरच त्रिगुणी लसीचा बूस्टरही दिला जाईल. त्याने एक-दोन दिवस ताप येईल, मांडी दुखेल, बाळ किरकिर करील. गोवराच्या लसीचा ताप किंवा बारीक पुरळ मात्र आठवड्याभराने, कधी बाराव्या दिवसापर्यंतही येऊ शकते, आणि तोवर आपण लस विसरलेल्या असाल, म्हणून हे आधीच सांगून ठेवते. तापात क्वचित एखाद्या बाळाला झटका येतो. तसे झाले तर बाळाला कुशीवर निजवा, तोंडात काहीही घालू नका आणि तडक दवाखान्यात न्या. लस दिल्यावर अर्धा तास अंगणवाडीतच थांबा.

प्रश्न : लसींमध्ये पारा असतो असे आमच्या शाळेतील पालक विचारतात. शिवाय आमच्या लहानपणी ऑटिझम हा शब्दही ऐकला नव्हता. मग आजच एवढी मुले कोठून आली?
– एक शिक्षिका, अमळनेर

उत्तर : गोवर-रुबेलाच्या लसीत पाऱ्याचे संयुग नसते, ही जिवंत विषाणूंची लस आहे आणि ते संयुग घातले तर लसच निकामी होईल. एका कुपीतून अनेक बाळांना दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलेंटसारख्या काही लसींत, कुपीत जंतू वाढू नयेत म्हणून थायोमर्सल हे पाऱ्याचे संयुग अत्यल्प प्रमाणात असते. त्यातील इथिल पारा शरीरातून लवकर बाहेर पडतो. दूषित माशांतून येणाऱ्या मिथिल पाऱ्यासारखा तो साठत जात नाही. डेन्मार्कने 1992 मध्ये आणि अमेरिकेने 2001 पर्यंत बालकांच्या नेहमीच्या लसींतून थायोमर्सल काढून टाकले, आणि दोन्हीकडे ऑटिझमचे निदान त्यानंतरही वाढतच राहिले.

आपला दुसरा प्रश्न रास्त आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी या अवस्थेचे वर्णन 1943 मध्ये केले, म्हणजे गोवराची पहिली लस येण्याच्या वीस वर्षे आधी. 1980, 1994 आणि 2013 मध्ये निदानाचे निकष बदलत गेले आणि सौम्य लक्षणांची मुलेही त्यांत येऊ लागली. ही मुले आपल्या गावांतही होती. त्यांना कोणी मुके म्हणे, कोणी येडे म्हणे, आणि ती शाळेच्या पटावर कधी आलीच नाहीत. आता ती आपल्या वर्गात येऊन बसतात, हे चांगलेच झाले.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचे गेल्या वर्षी नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितले. दीड वर्षाची लस देण्यास मीच त्याला घेऊन गेलो होतो. त्यानंतर तो बोलेनासा झाला, असे पत्नीच्या माहेरचे म्हणतात आणि सगळा दोष माझ्यावर येतो. आता सात महिन्यांची मुलगी आहे. तिला नवव्या महिन्याची लस द्यावी का? मुलाच्या अंगातील पारा काढण्याचे औषधही एकाने सुचवले आहे.
– एक वडील, शहादा तालुका

उत्तर : भाऊ, दोष आपला नाही, आणि आपल्या पत्नीचाही नाही. आपण मुलाला लसीला नेले ते योग्यच केले.

दीड वर्षाच्या सुमारास मूल बोलू लागेल अशी सगळ्यांची अपेक्षा असते, म्हणून ते बोलत नाही हे घराच्या लक्षात नेमके त्याच वेळी येते. काही मुलांचे आलेले दोन-चार शब्दही याच वयात जातात. लसीचा दिवसही त्याच महिन्यांत पडतो आणि तो तारखेनिशी कार्डावर लिहिलेला असतो; बाकीचे काही कोणी लिहून ठेवलेले नसते. माझ्याकडे एक कुटुंब असाच दोष लसीला देत आले होते. जुने व्हिडिओ असतील तर दाखवा, असे मी म्हटले, तेव्हा वडिलांनी मनुदेवीला केलेल्या जावळाचा व्हिडिओ काढला. मूल अकरा महिन्यांचे, मामाच्या मांडीवर. आत्या, आजी, मावशी सगळ्या आळीपाळीने नावाने हाका मारत आहेत आणि ते एकदाही मान वळवत नाही. मामाच्या शर्टाचे बटण तेवढे बोटाने फिरवत राहते. आईने तो व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मग म्हणाली, “हे तर तेव्हापासूनच होतं.” एका मुलाच्या व्हिडिओने शास्त्र सिद्ध होत नाही, त्यासाठी डेन्मार्कसारखे मोठे अभ्यासच लागतात, परंतु त्या आईचा स्वतःवरचा राग त्या दिवशी काहीसा उतरला, हे मी पाहिले. आपल्याकडेही असे जुने व्हिडिओ असतील. ते दोघांनी मिळून पाहा.

ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा असतो. पाच देशांतील 20 लाख मुलांच्या नोंदींवरून 2019 मध्ये तो सुमारे 80 टक्के असल्याचे दिसून आले. मेंदूची ही जडणघडण बहुतांशी जन्माआधीच सुरू झालेली असते. याचाच दुसरा अर्थ असा, आणि तो लपवणे मला योग्य वाटत नाही, की एका मुलाला ऑटिझम असेल तर धाकट्या भावंडाला तो असण्याची शक्यता साधारण पाचात एक इतकी असते. मुलींमध्ये ती त्याहून कमी असते. लस टाळल्याने ही शक्यता कमी होत नाही. अमेरिकेत सुमारे 95,000 मुलांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मोठ्या भावंडाला ऑटिझम असलेल्या मुलांचा मुद्दाम वेगळा विचार केला होता, आणि त्यांच्यातही लसीने धोका वाढलेला आढळला नाही. लस चुकवली तर मुलगी गोवराला मात्र उघडी पडेल.

पारा काढण्याच्या औषधाला स्पष्ट नकार द्या. त्या उपचाराने ऑटिझम बरा होत नाही, आणि 2005 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा एक मुलगा त्या उपचारातच दगावला. ते पैसे मुलाच्या वाचा उपचारासाठी आणि व्यवसायोपचारासाठी (रोजची कामे करायला शिकवणारी थेरपी) राखून ठेवा. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची आणि शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. आपल्या अंगणवाडीला भेट देणारे पथकही तेथे पाठवण्याची चिठ्ठी देते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, त्यामुळे मुलाला दिव्यांग प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्याच्या आधारे ‘निरामय’ या योजनेत 1 लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो, ज्यात थेरपीचा खर्च काही मर्यादेपर्यंत धरला जातो.

मुलीला नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्या. तिच्याकडे लक्ष मात्र आतापासूनच ठेवा : वर्षाची होईपर्यंत हाक मारल्यावर ती वळून पाहते का, सव्वा-दीड वर्षाची झाल्यावर हवी ती वस्तू बोटाने दाखवते का, आपण दाखवलेल्या चिमणीकडे पाहून परत आपल्या चेहऱ्याकडे पाहते का. यातले काही होत नसेल, तर “तिचे बाबाही उशिरा बोलले होते” असे म्हणून थांबू नका, त्याच आठवड्यात दाखवायला आणा. काही खटकले नाही तरी अठरा महिने आणि दोन वर्षे या दोन्ही वेळी बालरोगतज्ज्ञांकडून तिची विकास तपासणी करून घ्या. दीड वर्षाचा डोस आणि पहिली तपासणी एकाच फेरीत उरकता येईल.