खेड्यातल्या पोरांना गाण्यांतून स्पॅनिश शिकवता येतं का?

येतं, पण नुसतं गाणं लावून नाही. यवतमाळकडच्या आमच्या गावात सुट्टीत आठ-दहा पोट्टे घेऊन बसतो. स्पॅनिशचे त, द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून, स्वर पाचच. त्यामुळे उच्चार लवकर बसतात. आधी गाणं ऐकायचं, मग ओळीतले गाळलेले शब्द भरायचे. नंतर त्याच शब्दांची सहा ओळींची गोष्ट, चित्रांसकट. पुढच्या गोष्टीत चित्रं कमी.

'तेंगो आम्ब्रे' (tengo hambre), म्हणजे 'मला भूक लागली', पण शब्दशः 'माझ्याजवळ भूक आहे'. एक पोरगी म्हणाली, "मंग थोडी मले दे ना!" तो शब्द कोणीच विसरलं नाही. (त्यातला एच लिहायचा, बोलायचा नाही, हे मात्र महिनाभर घोकून घ्यावं लागलं.)

वेगाची नाचगाणी सुरुवातीला टाळा, गाणारे शब्द गिळतात.