कमी पगारावर सहकुटुंब जर्मनीला जाताना

करारातला आकडा बघून हुरळू नका. कर-विमा कापून हातात येतं तेवढ्यावरच हिशेब मांडा. लग्नाचा जोडीदार सोबत असेल आणि कमावणारे एकटेच असाल, तर करवर्ग तीन (पगारातून किती कर कापायचा हे ठरवणाऱ्या गटांपैकी एक) मागा, दरमहाची कपात बरीच घटते. खरी गोची घरभाड्यात. जाहिरातीतलं ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसतं भाडं. हीटिंग, पाणी, कचरा वेगळं, वीज बहुधा त्याहूनही वेगळी. अनामत अशा तीन भाड्यांइतकी असू शकते, पण कायद्याने ती तीन मासिक हप्त्यांत देता येते. पुष्कळ घरांत ओटा-शेगडीही नसते, ते पैसे बाजूला काढाच. भारतातल्या घराच्या कर्जाचा हप्ता चालू असेल, तर तो युरोत मांडून खर्चाच्या पहिल्या ओळीत धरा. बालभत्ता (2025 मध्ये मुलामागे महिना 255 युरो) अर्ज मंजूर झाल्यावरच येतो. सुरुवातीचे महिने तो जमेत धरू नका.