बाळ धडधाकट दिसत असताना टाचेतून रक्त घेऊन तपासणी करायची खरंच गरज आहे का?

तुमचं बाळ दोन दिवसांचं आहे, उद्या डिस्चार्ज आहे, दवाखान्याने टाच टोचून करायच्या तपासणीची एक लहान आणि एक मोठं अशी दोन पॅकेजेस सांगितली आहेत. सासूबाईंचं म्हणणं, लेकरू चांगलं आहे, एवढ्याशा जिवाला टोचायचं कशाला. आणि तुम्ही विचारताय की गरज आहे का.

आहे. बाकी काही करा न करा, टीएसएच केल्याशिवाय घरी जाऊ नका. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी नीट काम करत नसली की रक्तात ते वाढतं.

"लेकरू चांगलं आहे" हे मी आमच्या ताईच्या सासरी फार ऐकलंय. सांगली जिल्ह्यातलं गाव, बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालेलं. भाचा जन्मला तेव्हा वजन उत्तम, रंग उत्तम. रडायचा नाही, रात्री उठवायचा नाही. येणारी-जाणारी बाई म्हणायची, काय गुणी पोर आहे गं तुझं. दूध पिता पिता तो झोपून जायचा आणि ताई तळपाय चोळून चोळून त्याला जागं करायची. कावीळ लांबली, तर कोवळ्या उन्हात धरा म्हणाले. शी चार-चार दिवस व्हायची नाही, तर बोंडल्याने एरंडेल पाजलं. बेंबी वर आली, तर तिच्यावर नाणं ठेवून फडकं बांधलं. मी मुंबईहून गेलो तेव्हा त्याला मांडीवर घेतला. हात-पाय गार, कातडी खरखरीत, जीभ ओठांच्या बाहेर आलेली, आणि रडला तर आवाज घशातल्या घशात, घोगरा.

यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर कुठल्याही बाळात दिसते. सगळ्या एकत्र कोणी मांडल्या नाहीत. वर्षाचा होत आला, बसेना, मान नीट धरेना, तेव्हा ताई स्वतः हट्टाने त्याला मिरजेला घेऊन गेली. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी टाळूवर हात ठेवला, जीभ पाहिली आणि दुसरं काही विचारायच्या आधी रक्त काढायला सांगितलं. टीएसएच शंभराच्या वर होतं. पुढे स्कॅन झाला तेव्हा कळलं की मानेत थायरॉइडची ग्रंथीच नाही.

याला जन्मजात हायपोथायरॉइडिझम म्हणतात, म्हणजे जन्मापासूनच थायरॉइडचं हार्मोन कमी पडणं. हे हार्मोन, थायरॉक्सिन, नसेल तर मेंदूच्या पेशी जागेवर पोचणं, त्यांच्या तंतूंवर आवरण चढणं, एकमेकींशी जोडल्या जाणं हे सगळं रेंगाळतं, आणि हे काम मुख्यतः पहिल्या दोन-तीन वर्षांत होतं. नंतर कितीही औषध दिलं तरी गेलेले महिने परत मिळत नाहीत. बाळ जन्मतः छान का दिसतं, तर पोटात असताना आईचं थायरॉक्सिन थोडंफार वारेतून त्याला मिळत असतं. या आजाराच्या शंभरातल्या पंच्याण्णवाहून जास्त बाळांत जन्माच्या वेळी बघून ओळखता येईल असं काही नसतं. अनुभवी सुईण असो की मोठा डॉक्टर, नुसत्या नजरेवर इथे भरवसा ठेवता येत नाही. सोनोग्राफी नॉर्मल होती म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही, ग्रंथी काम करते की नाही हे तिच्यात दिसत नाही.

उशिराची किंमत किती, याचे आकडे जुने आहेत. नवजात बाळांची सरसकट तपासणी सुरू व्हायच्या आधीचा, 1972 सालचा एक अमेरिकन अभ्यास आहे. तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू झालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक 89 आला, तीन ते सहा महिन्यांत सुरू झालेल्यांचा 70 च्या आसपास, आणि त्याहून उशीर झालेल्यांचा 54. पुढे दोनेक वर्षांतच कॅनडात क्वेबेकमध्ये ज्याँ ड्युसो या डॉक्टरांनी कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावरून ही तपासणी सगळ्या बाळांसाठी सुरू केली. ज्या देशांत ती नेमाने होते आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू होते, तिथली बहुतेक मुलं इतरांसारखी शाळा शिकतात. आपल्याकडे आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, लाखभर बाळं तपासली तेव्हा हजार-अकराशे बाळांमागे एक असं प्रमाण निघालं. पाश्चात्त्य देशांत ते तीन-चार हजारांत एक असं सांगतात. तरी आपल्याकडे अजून प्रत्येक बाळाची ही तपासणी होत नाही, आणि याचा मला संताप येतो. लेव्होथायरॉक्सिनची, म्हणजे याच हार्मोनची, गोळी किती स्वस्त आहे ते कुठल्याही औषधाच्या दुकानात विचारा.

भाच्याला गोळी सुरू झाली. दोन-तीन महिन्यांत जीभ आत गेली, आवाज मोकळा झाला, पोर हसायला लागलं. उंचीही वाढली. आता त्याला मिसरूड फुटलंय. दहाची नोट, पन्नासची नोट ओळखतो, दुकानात जाऊन साखर आणतो, पण सुटे किती परत यायला हवेत ते त्याला जमत नाही. बोलणं सावकाश. जनावरांवर फार जीव. ताईने त्याच्यासाठी जे केलंय ते लिहायला ही जागा पुरणार नाही.

आणि त्याच ताईला वर्षानुवर्षं काय ऐकावं लागलं? सातव्या महिन्यात ग्रहण होतं आणि तिने विळीवर भाजी चिरली, म्हणून पोर असं झालं. तिचे चुलत सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, यांनी हे भर पंगतीत माझ्या आईसमोर सांगितलं. मी तेव्हाही भांडलो होतो, पण तेव्हा माझ्याकडे नुसता राग होता. आज सांगतो. थायरॉइडची ग्रंथी गर्भात जिभेच्या मुळाशी तयार होते आणि खाली सरकत सातव्या आठवड्यापर्यंत मानेत पोचते. सातव्या आठवड्यात, अण्णा. सातव्या महिन्यातलं ग्रहण लागायच्या कितीतरी आधी त्या ग्रंथीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. आईने काय चिरलं, काय खाल्लं, कुठे बसली, याचा त्याच्याशी संबंध नाही. ग्रंथी न बनण्याची किंवा चुकीच्या जागी बनण्याची बहुतेक उदाहरणं अशीच, घराण्यात कोणाला नसताना होतात. शिवाय आईत खोट शोधत बसल्यामुळे काय झालं, तर शांत केली, दृष्ट काढली, अंगारे लावले, आणि ज्या महिन्यांत एका सुईने निदान झालं असतं ते महिने गेले. पुढे अण्णांनी भावोजींना दुसरं मूल होऊ देऊ नका असाही सल्ला दिला. ताईने ऐकला नाही. दुसऱ्या वेळी मुलगी झाली तेव्हा नाळेतलं रक्त तपासलं, सगळं व्यवस्थित होतं. ती आता भावाला अभ्यासाला बसवते.

माझ्या मुलीच्या वेळी मी कोणाला विचारलं नाही. नर्सने टाच कोमट फडक्याने शेकली, कडेला टोचलं, आणि जाड कागदावर छापलेल्या गोलांत एकेक थेंब टिपला. पोर मिनिटभर रडली आणि आईकडे गेल्यावर झोपली. सासूबाईंना एवढंच सांगा.

आता पॅकेज. माझं मत, लहान घ्या. टीएसएच, सीएएच (मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचा जन्मजात आजार) आणि जी6पीडी (रक्तातल्या लाल पेशी जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता) असले की मुख्य काम होतं. पन्नास आजारांचं मोठं पॅकेज ज्याला परवडतं त्याने जरूर घ्यावं. मात्र तुमचं नवरा-बायकोचं नातं मामे-आते भावंडांचं असेल, किंवा घरात आधी एखादं बाळ कारण न कळता गेलं असेल, तर माझं मत बाजूला ठेवून डॉक्टरांशी मोठ्याबद्दल बोला. नात्यातल्या लग्नांत हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमचे दोष आणि असे बरेच आजार जास्त सापडतात.

थोडं राहिलंच. जन्मानंतर लगेच सगळ्याच बाळांचं टीएसएच उसळतं, म्हणून टाचेचं रक्त 48 ते 72 तासांच्या दरम्यान घेतलेलं चांगलं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल, वजन कमी असेल किंवा जुळं असेल तर दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, अशा बाळांत टीएसएच उशिरा वाढू शकतं. पहिला रिपोर्ट जास्त आला तर घाबरू नका, शिरेतल्या रक्तावर खात्री करतात. काहींचा दोष तात्पुरता असतो, तिसऱ्या वर्षानंतर डॉक्टर गोळी थांबवून बघतात. गोळी लागलीच तर चमच्यात चिरडून पाण्यात किंवा आईच्या दुधात द्या, लोह-कॅल्शियमच्या औषधासोबत नको. आणि ही तपासणी म्हणजे मुलाच्या बुद्धीची हमी नव्हे. जन्मताना गुदमरणं, मेंदूज्वर, ऑटिझम यातलं काही तिच्यात कळत नाही. जाता जाता, बाळंतिणीच्या जेवणात नुसतं सैंधव वापरायची हल्ली टूम आहे, ती पाळू नका. आईच्या दुधातून बाळाला आयोडीन जातं, घरात साधं आयोडीनयुक्त मीठच असू द्या.

उद्या निघण्याआधी रक्ताचे थेंब टिपलेल्या कार्डावर तुमचा चालू मोबाईल नंबर लिहिलाय का ते स्वतः बघा, लॅबचा नंबर घ्या, आणि चार-पाच दिवसांत रिपोर्ट आला नाही तर तुम्हीच फोन करा.