स्पीकर लावून मासे हाकलता येतात का?

प्रश्न: मोबाईलवर एक व्हिडिओ आला, अमेरिकेत नदीत बोट चालली की मासे धपाधप उड्या मारून बोटीत पडतायत. कोणीतरी म्हणालं तिकडे आता पाण्याखाली स्पीकर लावून हेच मासे अडवतात. खरंय का? आमच्या उजनी धरणात चिलापी (तिलापिया) माशाने उच्छाद मांडलाय, तिलाही असं हाकलता येईल का?
(एक वाचक, इंदापूर)

उत्तर: हो, खरंय. उड्या मारणारा तो सिल्वर कार्प, म्हणजे आपले मत्स्यशेतीवाले ज्याला चंदेरा म्हणतात तोच. 1970च्या दशकात आर्कान्सामध्ये तळी साफ ठेवायला आणला, तिथून निसटला आणि मिसिसिपी, इलिनॉय नद्यांमध्ये असा माजला की आता ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांमध्ये घुसू नये म्हणून सगळी धडपड चाललीय.

खरी गंमत कानात आहे. कार्पच्या पोटातली हवेची पिशवी आवाजाने थरथरते आणि बारीक हाडांची एक साखळी ती थरथर थेट आतल्या कानात पोचवते. त्यामुळे याला 3000 हर्ट्झचाही आवाज ऐकू येतो, आणि तिथले मूळचे स्टर्जन, पॅडलफिश हे मासे बिचारे काहीशे हर्ट्झवरच थांबतात. म्हणजे वरच्या पट्टीत गोंगाट केला तर त्रास कार्पला, स्टर्जन-पॅडलफिशला फारसा नाही. पण एकच सूर लावून ठेवला तर मासे सरावतात हो! मिनेसोटा विद्यापीठाच्या डुलुथमधल्या संशोधकांनी मग चक्क बोटीच्या इंजिनाचं रेकॉर्डिंग वाजवलं, तर तळ्याच्या या टोकाला स्पीकर सुरू केला की मासे त्या टोकाला, तिकडचा सुरू केला की परत इकडे, असं चालूच राहिलं.

हे लावतात कुठे, तर बोटी वरखाली करायच्या अरुंद लॉकच्या तोंडाशी. 2019 मध्ये केंटकीत बार्कली धरणाशी आवाज, बुडबुडे आणि लाईट असा पडदा लावून बघितला, 2021 मध्ये आयोवात किओककला स्पीकर बसवले. तरी एकट्या आवाजावर कोणाचा भरवसा नाही, इलिनॉयमध्ये जोलिएटजवळच्या ब्रँडन रोड लॉकला तर विजेचा अडथळाही जोडीला घ्यायचं ठरलंय.

आता उजनी. चिलापीला ती हाडांची साखळीच नाही, आणि रोहू, कटला, मृगळ पडले कार्पच्याच खानदानातले, त्यांना ती आहे. म्हणजे स्पीकर लावलात तर कटला पळणार आणि चिलापी निवांत चरत बसणार! शिवाय चिलापी धरणभर कधीच पसरलीय, मग दार लावायचं तरी कुठे? भिगवणच्या बाजारात तिला गिऱ्हाईक आहे, तेव्हा जाळ्यानेच काय कमी होईल ती होईल.