घोडबंदर किल्ल्यासारख्या ठिकाणी माहितीफलक कसा असावा?

ठाण्याजवळच्या घोडबंदर किल्ल्यासाठी माहितीफलक करताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे. मजकुराची सुरुवात सनावळीने न करता पाहणारा जिथे उभा आहे तिथून करावी: समोरची उल्हास नदीची खाडी, तिच्यावर नजर ठेवणारा पोर्तुगीजांचा बुरूज, आणि मग १७३७ मध्ये मराठ्यांनी किल्ला घेतल्याचा उल्लेख. देवनागरीत मात्रा, उकार आणि जोडाक्षरे वरखाली पसरत असल्याने ओळींतले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवावे लागते. हे फलक रंगवणाऱ्याला किंवा छापणाऱ्याला आवर्जून सांगावे. पृष्ठभाग चकचकीत नसावा, कारण दुपारच्या उन्हात त्यावरची अक्षरे दिसतच नाहीत. फलक स्वतंत्र खांबांवरच उभारावा. चुन्यातल्या जुन्या भिंतीत खिळा ठोकणे मला अक्षम्य वाटते. वास्तू संरक्षित असल्यास पुरातत्त्व विभागाची परवानगी आधी घ्यावी.